रंग दिसतो वर, टिकतो खालून!

बालमित्रांनो, तुमच्या घरी मोटारसायकल आहे ना? नसली तर शेजारच्या काकांची असेलच. आज एक काम करा. गाडी उभी असताना बाजूला जाऊन जरा खाली वाका आणि सीटखाली नीट पाहा. तिथे तिकोनी किंवा लांबट आकाराचे एक झाकण दिसेल. त्याला म्हणतात साइड पॅनेल. त्याच्या आत बॅटरी, वायरी, फ्यूज अशा नाजूक गोष्टी असतात. त्यांच्यावर पाऊस आणि चिखल येऊ नये म्हणून हे झाकण.

आता त्यावरचे ओरखडे मोजा पाहू! दमलात ना? हे ओरखडे कोणी केले? काही बाबांच्या बुटांनी, काही शेजारी लावलेल्या गाड्यांनी. आणि खरं सांगा, बरेचसे तुमच्या दप्तराच्या बकलाने!

दसऱ्याला आपण गाडी धुतो, पुसतो, तिला झेंडूचा हार घालतो. नेमके तेव्हाच हे विटके झाकण डोळ्यांत खुपते. मग घरात कोणीतरी म्हणते, “नवीन कशाला? रंगाचा एक स्प्रे आणू, घरीच मारू.” विचार चांगला आहे. झाकण नुसते विटले असेल, तुटले नसेल, तर ते टाकून का द्यायचे? पण होते काय, की संध्याकाळी घाईघाईने फुस्स फुस्स करून रंग मारला जातो, सकाळी झाकण आरशासारखे चमकते, सगळे खूश होतात आणि दिवाळी सरते न सरते तोच रंगाचे पोपडे निघू लागतात.

असे का होते? रंग वाईट होता का? दुकानदाराने फसवले का? बहुतेक वेळा तसे काहीच नसते. रंग मारण्याआधी जे करायला हवे होते, ते राहून गेलेले असते. म्हणून आज आपण साइड पॅनेल घरी कसे रंगवायचे ते पाहू. यात काही कामे तुमची आहेत, काही फक्त मोठ्यांची. कोणते काम कोणाचे, हेही ठरवून टाकू. आणि गाडीवर असलेली एक वस्तू अशी आहे, की तिला कधीच रंगवायचे नसते. ती कोणती, ते ओळखून ठेवा. शेवटी सांगते.

खडू फळ्यावर उमटतो, काचेवर का नाही?

वर्गात खडूने फळ्यावर किती छान लिहिता येते. तोच खडू खिडकीच्या काचेवर चालवून पाहा. नुसता घसरतो. फळा हाताला गुळगुळीत वाटला तरी तो बारीक खरखरीत असतो. त्या खरखरीत खडूचे कण अडकतात. काचेला अशी जागाच नसते. रंगाचेही तसेच आहे. त्याला धरून बसायला खाली जागा लागते.

आता दुसरी गंमत. घरी फणस चिरताना आई किंवा आजी हाताला आणि विळीला आधी काय लावते? तेल! म्हणजे फणसाचा चीक चिकटत नाही. तेलाचा इतका पातळ थर, पण त्याने तो चिवट चीकसुद्धा दूर ठेवला. मग सांगा, पॅनेलवर तेलाचा, मेणाचा किंवा पॉलिशचा थर असेल, तर रंग चिकटेल का?

आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही एक छोटा प्रयोग केला. तुम्हीही करू शकता. प्लॅस्टिकच्या डब्यांची तीन जुनी, सारखी झाकणे घ्या. पहिल्याला बोटाने थोडे खोबरेल तेल चोळा. दुसरे साबणाने स्वच्छ धुऊन वाळवा. तिसरे धुऊन, पॉलिश पेपरने घासून, पुन्हा धुऊन वाळवा. आता तिन्हींवर एकाच बाटलीतला पोस्टर कलर ब्रशने लावा. पहिल्यावर रंग पसरतच नाही, त्याचे ठिपके होतात. दुसऱ्यावर पसरतो, पण वाळल्यावर झाकण जरा वाकवले की टरफलासारखा निघतो. तिसऱ्यावर त्यातल्या त्यात चांगला बसतो.

“बाई, रंग तोच, झाकण तेच, मग फरक कशाने पडला?” एकाने विचारले. मी काही बोलायच्या आधीच मागच्या बाकावरून उत्तर आले, “अरे, खालच्या कामाने!”

आजच्या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे.

आधी प्लॅस्टिकची ओळख

पूर्वी गाड्यांचे अंग बहुतेक पत्र्याचे असे. १९७२ साली आलेली बजाज चेतक स्कूटर तुमच्या आजोबांनी चालवली असेल, तिचे अंग पोलादी पत्र्याचे होते. पत्र्याला गंज चढतो, म्हणून त्याला रंग हवाच. प्लॅस्टिकला गंज चढत नाही. मग त्याला रंग कशाला? नुसते छान दिसायला?

नाही बरं का! मोटारसायकलचे रंगीत भाग पुष्कळदा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन पदार्थांपासून ते बनते. त्यातल्या ब्युटाडाइनपासून रबरासारखे बारीक कण तयार होतात आणि त्यांच्यामुळे हे प्लॅस्टिक धक्का सोसते. पण उन्हातले अतिनील किरण नेमके या रबरी भागावर हल्ला करतात. मग प्लॅस्टिक पिवळे पडते, ठिसूळ होते. रंगाचा थर म्हणजे या प्लॅस्टिकच्या डोक्यावरची छत्रीच! तुम्ही खेळता ते लेगोचे ठोकळेही १९६३ सालापासून याच एबीएसचे बनतात.

दुसरे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, थोडक्यात पीपी. इटलीतल्या जुलिओ नाट्टा या शास्त्रज्ञाने १९५४ साली ते चांगल्या पद्धतीने तयार करून दाखवले. अशा कामाबद्दल त्याला आणि जर्मनीच्या कार्ल त्सीग्लरला १९६३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या जेवणाच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा दिसला, तर तो डबा पीपीचा. गाडीच्या चाकाजवळचे काळे, न रंगवलेले भाग पुष्कळदा याचे असतात. पीपी मोठे हट्टी असते. त्याला रंग, गोंद, शाई काहीच सहजासहजी चिकटत नाही.

मग आपले पॅनेल कोणत्या जातीचे हे कसे ओळखायचे? पॅनेल उलटे करा. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एबीएस किंवा पीपी अशी रोमन लिपीतली खूण दोन बाणांच्या टोकांमध्ये कोरलेली असते. खूण नसेल तर मोठ्यांना सांगा. ते आतल्या, न रंगवलेल्या कडेचा नखाएवढा कपचा ब्लेडने काढून देतील. तो साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. एबीएस पाण्यापेक्षा थोडे जड असते, ते बुडते. पीपी पाण्यापेक्षा हलके, ते तरंगते. साबण कशाला? पाण्याच्या पृष्ठताणामुळे बुडणारा कपचाही वरच अडकून राहू नये म्हणून. मात्र काही पीपीमध्ये शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते, तेव्हा तेही बुडू शकते. त्यामुळे खूण असेल तर खुणेवरच विश्वास ठेवा.

साहित्य

अंगाचा किंवा भांड्यांचा साबण, बादलीभर पाणी, जुने मऊ सुती कापड, ४००, ६०० आणि ८०० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, रद्दी, प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर, हवा तो रंग आणि वरून मारायचा क्लिअर कोट. पॅनेल पीपीचे असेल, तर पीपीसाठीच मिळणारा खास प्रायमर मागायचा. साधा प्रायमर त्यावर टिकत नाही, सापाच्या कातीसारखा अख्खाच्या अख्खा निघून येतो.

रंगाची छटा दुकानात ट्यूबलाइटखाली ठरवू नका. पलीकडचे चांगले पॅनेल आणि डब्याचे झाकण दोन्ही उन्हात शेजारी धरून पाहा. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर तिचा रंग लिहिलेला असतो. म्हणून गाडीचा मूळ रंगच द्यावा. सगळी गाडीच दुसऱ्या रंगाची करायची असेल, तर आधी आरटीओत विचारायला हवे.

कृती

पहिली पायरी : पॅनेल काढणे (मोठ्यांचे काम). इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. गरम सायलेन्सरला पाय लागला तर क्षणात फोड येतो. किल्ली काढून ठेवा. पॅनेल काही ठिकाणी स्क्रूने बसवलेले असते आणि काही ठिकाणी त्याच्या खुंट्या रबरी बुशांत घातलेल्या असतात. हिसका दिला की खुंटी तुटते. म्हणून सरळ, हळूहळू ओढायचे. आत बॅटरी असते, तिच्यावर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर ठेवायचा नाही. तुमचे काम काय? सगळे स्क्रू एका वाटीत जमा करा आणि कोणता कुठला याचे चित्र वहीत काढून ठेवा. गाडी परत जोडताना तुमचे चित्र पाहायला सगळे धावत येतील!

दुसरी पायरी : धुणे (तुमचे काम). साबणाच्या पाण्याने पॅनेल दोनदा धुवा. कोपरे, खाचा जुन्या टूथब्रशने घासा. स्टिकरचा गोंद निघत नसेल, तर त्यावर थोडे खोबरेल तेल चोळा. गोंद सुटला की ते तेलही साबणाने पूर्ण काढून टाका. फणसाची गोष्ट आठवतेय ना? गाडीला चकाकी आणणाऱ्या काही पॉलिशमध्ये सिलिकोन असते. त्याचा अंश राहिला तर रंगात बारीक गोल खड्डे पडतात. रंगारी त्यांना माशाचे डोळे म्हणतात.

धुणे आधी आणि घासणे नंतर, हा क्रम चुकवू नका. आधी घासले तर मेण आणि तेल ओरखड्यांत दाबले जाते. स्वच्छ झाले की नाही, हे पाणीच सांगते. पॅनेलवर पाणी ओता. पाण्याचे वेगवेगळे मणी झाले तर चिकटपणा अजून शिल्लक आहे. पाणी सलग पसरले तर काम झाले. पीपीवर मात्र स्वच्छ असतानाही पाण्याचे मणी होतात, तो त्याचा स्वभावच आहे.

आणि हो, मोठ्यांनाही सांगा, की धुण्यासाठी पेट्रोल किंवा थिनर घ्यायचे नाही. त्याने एबीएस मऊ पडते, तडकतेसुद्धा. शिवाय पेट्रोल पेट घेते ते वेगळेच.

तिसरी पायरी : घासणे (तुमचे आणि मोठ्यांचे). वॉटर पेपरचा नंबर जितका मोठा, तितकी त्यावरची कच बारीक. हे उलटे वाटते, पण असेच लक्षात ठेवा. ४०० नंबरचा कागद दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजू द्या. जुन्या रबरी चपलेचा तुकडा घेऊन त्याला हा कागद गुंडाळा. म्हणजे बोटांचा दाब एकाच जागी पडत नाही. पाणी सोडत सोडत, हलक्या हाताने, सगळीकडे सारखे घासा. जुना रंग घट्ट असेल तर तो पूर्ण खरवडायची गरज नाही. त्याची चमक गेली आणि तो एकसारखा निस्तेज दिसू लागला की पुरे. जिथे पोपडे निघत असतील, तिथे मात्र घट्ट भाग लागेपर्यंत घासा. मग ६०० नंबरचा कागद फिरवा.

ओलेच का घासायचे? कोरडे घासले की रंगाची धूळ उडते आणि ती नाकातून आत जाते. पाण्याने ती जागच्या जागी बसते.

खोल ओरखडा असेल तर मोठी माणसे त्यात प्लॅस्टिकसाठीची पुट्टी भरतील. आपल्याकडचे रंगारी तिला लांबी म्हणतात. ती वाळली की पुन्हा घासायचे. डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा बोटाला बरोबर कळतो.

शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. यानंतर पॅनेलला उघडा हात लावायचा नाही. बोटांवरचे तेल पुन्हा लागते. कडेने किंवा स्वच्छ कापडात धरा. रंग नको त्या भागांवर मास्किंग टेप आणि रद्दी लावा. हे काम तुम्ही मोठ्यांपेक्षा नीट कराल, याची मला खात्री आहे.

चौथी पायरी : प्रायमर आणि रंग (फक्त मोठ्यांचे काम). मुलांनो, आता तुम्ही तिथून दूर जायचे. रुसू नका, कारण सांगते. स्प्रेच्या रंगात टोल्यूइन, झायलीन, ॲसिटोन यांसारखे चटकन उडून जाणारे द्रव असतात. त्यांच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते, डोळे चुरचुरतात. तुमचे वजन मोठ्यांपेक्षा कमी, पण वजनाच्या मानाने तुम्ही हवा जास्त घेता. म्हणून तीच वाफ तुम्हाला जास्त बाधते. नाकाला रुमाल बांधला किंवा धुळीचा साधा मास्क लावला, की झाले असे पुष्कळांना वाटते. त्याने धूळ अडते, वाफ अडत नाही. वाफेसाठी कोळशाचे फिल्टर असलेला मास्क लागतो. रंग मारणाऱ्याने तो लावावा, हातमोजे आणि चष्मा घालावा.

पालकांनो, डबा बाहेर ढकलणारा वायू पुष्कळदा आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखाच ज्वालाग्राही असतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून बंद खोली, जिना, बाथरूम या जागा नकोत. गच्ची किंवा अंगण निवडा. जवळ शेगडी, उदबत्ती, निरांजन, विडी-सिगारेट काहीही पेटते नसावे. डब्यावरची सूचना आधी वाचा. ज्यात हार्डनर मिसळावा लागतो असे रंग घरी वापरूच नका. त्यांच्यात पुष्कळदा आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांनी दमा जडू शकतो. ते काम योग्य साधने असलेल्या कारखान्याचे.

दिवसही निवडावा लागतो. पावसाळ्याच्या दमट हवेत, विशेषतः कोकणात, रंगावर पांढुरकी झाक येते. कारण मोठे मजेदार आहे. माठातले पाणी गार का होते? पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. रंगातले द्रव उडतानाही पॅनेल असेच गार पडते, आणि मग हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. म्हणून दसऱ्यानंतरची कोरडी हवा आणि सकाळी दव वाळल्यानंतरची वेळ उत्तम. दुपारचे रणरणते ऊन नको. त्यात रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो.

डबा आतली गोटी खडखडू लागल्यावर दोन मिनिटे हलवावा. आधी पुठ्ठ्यावर मारून पाहावे. डबा पॅनेलपासून साधारण २५ सेंटिमीटर दूर धरावा. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा बरेच जास्त. फवारा पॅनेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. हात एकाच वेगाने न्यावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा.

पहिला थर इतका पातळ, की खालचा रंग दिसायला हवा. तो पाहून वाटते, अजून थोडा मारू या! इथेच घात होतो. जाड थराला ओघळ येतात. शिवाय जाड पापड उन्हात वरून वाळतो आणि आतून ओलाच राहतो, तसेच रंगाचे होते. म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने, किंवा डब्यावर लिहिले असेल तितक्या वेळाने, तीन-चार पातळ थर द्यावेत. आधी प्रायमर द्यावा. तो वाळल्यावर ८०० नंबरच्या कागदाने ओला हलकेच घासून, धुऊन, वाळवून मग रंग, आणि शेवटी क्लिअर कोट.

पाचवी पायरी : वाट पाहणे (सगळ्यांचे, आणि सर्वांत अवघड!). तासाभरात रंग हाताला लागेनासा होतो. पण हाताला न लागणे वेगळे आणि आतून घट्ट होणे वेगळे. एक दिवस पॅनेल धुळीपासून दूर, सावलीत राहू द्या. जोडल्यावरही आठवडाभर त्यावर दप्तर घासू नका आणि पंधरा दिवस गाडीला पॉलिश लावू नका.

रिकामा डबाही सांभाळून टाका. तो रिकामा वाटला तरी आत थोडा वायू असतो. पन्नास अंशांपेक्षा जास्त तापवू नये असे त्यावर लिहिलेलेच असते. त्याला खिळा मारायचा नाही, शेकोटीत किंवा होळीत टाकायचा नाही. आगीत पडलेला डबा बॉम्बसारखा फुटतो. कोणी टाकताना दिसले, तर लगेच मोठ्यांना हाक मारा.

काय रंगवायचे नाही?

सुरुवातीला मी एक वस्तू ओळखून ठेवायला सांगितली होती. ओळखलीत का? हेल्मेट!

पॅनेल रंगवून झाले की डब्यात थोडा रंग उरतो. मग दादाला सुचते, “हेल्मेटपण मॅचिंग करू या!” इथे त्याला अडवायचे काम तुमचे. बऱ्याच हेल्मेटांचे कवच एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते. रंगातल्या द्रवांनी, विशेषतः पॉलिकार्बोनेटमध्ये, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडू शकतात. आत जे पांढरे अस्तर असते, ते आपल्या थर्मोकोलच्याच जातीचे. अपघातात ते स्वतः दबते आणि डोक्याला बसणारा धक्का कमी करते. या द्रवांनी तेही विरघळते. म्हणजे हेल्मेट दिसायला नवेकोरे आणि कामाला निकामी! म्हणूनच हेल्मेट बनवणारे त्यासोबतच्या कागदावर रंग, थिनर, पेट्रोल लावू नका असे लिहून देतात.

“मग पॅनेलला तोच रंग कसा चालतो?” असे तुम्ही विचाराल. पॅनेलचे काम झाकण्याचे. त्याला उद्या एक चीर पडली, तर फार तर नवे आणावे लागेल. हेल्मेटचे काम डोके वाचवण्याचे. त्याची परीक्षा आयुष्यात एकदाच होते आणि तेव्हा नापास होऊन चालत नाही. २०१९ साली बदललेल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चार वर्षांवरील मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट हवेच. तेव्हा मागे बसणाऱ्या तुमचेही एक हेल्मेट असू द्या, आयएसआय खुणेचे आणि न रंगवलेले.

तसेच नंबर प्लेट, मागचा लाल दिवा, इंडिकेटर, चमकपट्ट्या आणि ब्रेकचे भाग यांच्यावर रंगाचा थेंबही उडता कामा नये. तिथे आधीच रद्दी बांधून ठेवा.

परीक्षा

काम चांगले झाले की नाही, हे चमकेवरून ठरवू नका. आठ दिवस झाल्यावर पॅनेलच्या कडेला, जिथे कोणाचे लक्ष जाणार नाही अशा जागी, चिकटपट्टीचा एक तुकडा नखाने घट्ट दाबून चिकटवा. मग तो एका झटक्यात ओढून काढा आणि उजेडात धरून पाहा. पट्टीवर रंगाचे कपचे आले असतील, तर धुण्या-घासण्यात कुठे घाई झाली ते सगळे मिळून शोधा. पट्टी कोरी आली असेल, तर ती तुमच्या कामाच्या वहीत चिकटवा आणि खाली तारीख घाला.